‘वाढ मंदावली’ या दोन शब्दांविषयी

आमच्या शाळेच्या विज्ञानमंडळाचे एक भित्तिपत्रक प्रयोगशाळेच्या दाराशेजारी लागत असते. त्यावर काय लिहावे हे ठरविण्याचे काम गेली पुष्कळ वर्षे आमच्याकडे आहे. चार वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या दिवसांत, आम्ही त्यावर एक मजकूर लावला. लेझर नामक प्रकाशशलाकेच्या साहाय्याने आघाततरंग उत्पन्न करून कर्करोगाच्या गाठीची वाढ मंदावता येते, असे वृत्त आमच्या वाचनात आले होते. विद्यार्थ्यांची जिज्ञासा जागृत व्हावी या हेतूने आम्ही त्याचे सार ठळक अक्षरांत उतरविले आणि वर मथळा दिला, "आता प्रकाशाच्या घावाने कर्करोग नाहीसा होणार!" शेवटचे उद्गारचिन्ह आमचेच. मूळ वृत्तात ‘नाहीसा’ हा शब्द नव्हता. तेथे ‘वाढ मंदावली’ असे होते, आणि तीही उंदरांत. या एका शब्दबदलाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

ते भित्तिपत्रक वाचणाऱ्यांत इयत्ता नववीतील एक विद्यार्थी होता. त्याने तो मजकूर वहीत उतरवून घरी नेला. उतरवून नेण्यासारखे कारण त्याच्या घरी होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्याच्या वडिलांच्या डाव्या गालाच्या आतल्या अंगास एक व्रण कित्येक महिने भरून येत नव्हता. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, तो कर्करोग ठरला, आणि शस्त्रक्रिया लवकर करून घ्यावी असा सल्ला मिळाला. हे गृहस्थ भोसरीतील एका कारखान्यात लेझरच्या यंत्रावर पत्रे कापण्याचे काम करीत. मुलाची वही त्यांनी वाचली. पुढे त्यांनीच आम्हांस सांगितले, "सर, बारा मिलिमीटरची प्लेट आमचं मशीन लोण्यासारखी कापतं, आणि कड अशी येते की हात फिरवला तरी बोचत नाही. म्हटलं, गालातली एवढीशी गाठ त्याला काय जड? मग सुरी कशाला लावून घ्यायची?" हा तर्क अडाण्याचा नव्हे. आपल्या हाताखालच्या यंत्राची शक्ती ज्याने रोज पाहिली आहे, अशा कसबी माणसाचा तो तर्क होता. त्याला आधार मात्र शाळेच्या भिंतीचा मिळाला होता.

ते थांबले. अकरा आठवडे थांबले. मध्यंतरी ‘लेझरने उपचार’ अशी पाटी पाहून ते एका दवाखान्यात जाऊन आले. तो दवाखाना मूळव्याध व भगंदर यांचा होता. तेथील डॉक्टरांनी तोंडात डोकावून पाहिले आणि एक पैसाही न घेता, "येथे वेळ घालवू नका," म्हणून त्यांस परत पाठविले. तरीही त्यांचे मन पाटीवरच्या शब्दापाशी अडकून राहिले. अखेर एके दिवशी मधल्या सुट्टीत तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, ते प्रकाशाच्या घावाचे दवाखाने कुठं आहेत? पुण्यात नसतील तर मुंबईत असतील ना?"

आम्ही प्रथम हसलो. ते हसू आम्हांस अद्याप विसरता आलेले नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. जुन्या सांगवीतील दोन खोल्यांचे बिऱ्हाड. गृहस्थ पहिल्या पाळीहून आलेले होते आणि चहा बशीत ओतून उजव्या बाजूने सावकाश घेत होते. आम्ही जे लिहिले ते जास्तीचे लिहिले, तसा उपचार कोठेच मिळत नाही, हे आम्हांस तेथे बसून सांगावे लागले. त्यांनी रागाने एक शब्दही काढला नाही. एवढेच विचारले, "म्हणजे छापलं होतं ते खोटं होतं का?" खोटे नव्हते, असे आम्ही म्हणालो. मग खरे होते काय, यावर आमच्यापाशी तोंडी उत्तर तयार नव्हते. शस्त्रक्रिया पुढे मुंबईस झाली. गालाचा व जबड्याचा काही भाग काढावा लागला, नंतर किरणोपचार झाले. ते आज आहेत, कामावरही जातात. बोलणे मात्र परक्या माणसास चटकन कळत नाही. त्या अकरा आठवड्यांनी किती नुकसान केले, असे आम्ही डॉक्टरांस विचारले होते. ते म्हणाले, आता ते सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठी ठरावीक दिवसांनी मोजून वहीत नोंदवितात. या गृहस्थांची गाठ त्या अकरा आठवड्यांत कोणीही मोजली नव्हती.

त्या संध्याकाळी जे उत्तर देता आले नाही, ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

लेझर हा शब्द आमच्या सांगवीच्या मुलांस नवा नाही. पवनेचा पूल ओलांडून ज्यांचे वडील दापोडीवरून भोसरीस किंवा पुढे चाकणला पाळीवर जातात, त्यांनी पोलादी पत्रा लेझरने कापला जाताना पाहिला नसला तरी ऐकला असतो. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील डोळे दिपविणाऱ्या रेषा तर सर्वांनीच पाहिल्या आहेत, आणि त्यांनी डोळ्यांस इजा होते अशी डॉक्टरांची तक्रारही ऐकली आहे. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिली लेझरशलाका काढली. एकाच रंगाचा व एकाच दिशेने, जवळजवळ न पसरता जाणारा प्रकाश, असे तिचे स्वरूप. पत्र्यावर ती चालते ती उष्णतेने: लोखंड वितळते आणि वायूचा झोत वितळलेले लोखंड खाली उडवून देतो.

परंतु शरीर म्हणजे पत्रा नव्हे. अंधारात विजेरी पेटवून तळहाताने झाकून पाहा. बोटांच्या कडा लाल दिसतात, हाड दिसत नाही. प्रकाश मांसात शिरतो तोच इतस्ततः विखुरला जातो, आणि खोलवरच्या गाठीपर्यंत नीट शलाकेच्या रूपाने पोहोचत नाही. ध्वनीचे तसे नाही. मांसात पाण्याचा अंश मोठा, आणि पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे १,५०० मीटर या वेगाने, फारसा न विखुरता जातो. गर्भवतीची तपासणी ध्वनीने करतात, प्रकाशाने नाही, त्याचे एक कारण हेच. तेव्हा प्रकाशाचे रूपांतर ध्वनीत करता आले तर? हा विचारही जुना आहे. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांस १८८० सालीच आढळले होते की, वेगाने तोडून तोडून सोडलेला प्रकाश पदार्थावर पडला असता त्या पदार्थातून आवाज निघतो. पदार्थ क्षणात तापतो, फुगतो, क्षणात निवतो, आकसतो, तोच आवाज.

आता हा ‘क्षण’ फार लहान करावयाचा. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग कल्पून त्यांतील थोड्या भागांपुरताच लेझरचा ठोका एखाद्या काळ्या पातळ थरावर द्यावयाचा. उष्णतेस पसरण्यास अवधीच मिळत नाही. थर एकदम फुगतो, किंवा त्याचा पृष्ठभाग उडून त्याची वाफ होते, आणि शेजारच्या पाण्यास जबर धक्का बसतो. हा धक्का पुढे जाताना एक चमत्कारिक गोष्ट घडते. दाबलेल्या भागातून तरंग अधिक वेगाने जातो, म्हणून तरंगाचा माथा त्याच्या पायथ्यास गाठू पाहतो, आणि तरंगाची पुढची बाजू भिंतीसारखी उभी होते. समुद्रकिनारी लाट उभी राहून कोसळते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांस याची थोडी कल्पना येईल. अशा उभ्या कड्याच्या तरंगास आघाततरंग म्हणतात. खाणीत सुरुंग उडाला म्हणजे दूरच्या घराची तावदाने ज्याने हादरतात, त्याच कुळातला हा. मात्र येथे सुरुंग टाचणीच्या टोकाएवढा असतो.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली एक अंतर्वक्र भिंग तयार केले. त्यावर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा काळा लेप होता. त्या लेपावर लेझरचा ठोका पडला म्हणजे निघालेला ध्वनी भिंगाच्या आकारामुळे एका बिंदूत गोळा होई. तो बिंदू रुंदीस ७५ मायक्रोमीटर, म्हणजे साधारण माणसाच्या केसाएवढा, आणि लांबीस ४०० मायक्रोमीटर होता. दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ५०० पट. या साधनाने त्यांनी काचेवर वाढविलेल्या कर्कपेशींपैकी एकच पेशी शेजारणींपासून अलग करून दाखविली. आम्हांस विचाराल तर, कर्करोग नाहीसा होणार या आमच्या मथळ्यापेक्षा ही एकट्या पेशीची हकीकत शतपटीने अधिक विस्मयकारक आहे. आम्ही ती भिंतीवर लिहिली असती तर मुले तितकीच रमली असती आणि कोणाचे वडील थांबले नसते.

आघाततरंग वैद्यकात आले ते मात्र लेझरच्या द्वारे नव्हे. जर्मनीतील डॉर्नियर ही विमाने बांधणारी कंपनी. ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले असता धातूत काय होते, याचा अभ्यास तिचे लोक करीत होते. त्यातून मूतखडा शरीराबाहेरून फोडण्याची कल्पना निघाली, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे ख्रिश्चन शॉसी यांनी पहिल्या रोग्यावर ती यशस्वी केली. तेथे तरंग पाण्यातील विजेच्या ठिणगीतून काढीत. आज आपल्या पुण्याच्या परिसरातही या रीतीने मूतखडा फोडून घेतलेली माणसे गल्लोगल्ली भेटतील. त्यामुळेच लोकांची समजूत होते की, खडा फुटतो तर गाठ का फुटू नये?

या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे, आणि विद्यार्थ्यांनी ते नीट ध्यानात घ्यावे. तरंग एका पदार्थातून तशाच पदार्थात जातो तेव्हा तो जवळजवळ काहीच न करता निघून जातो. निराळ्या पदार्थाच्या सीमेवर आला म्हणजे काही परततो, काही आत शिरतो, आणि तेथेच तोडफोड होते. मूतखडा कठीण, भोवतालचे मांस पाण्यासारखे. म्हणून मांसातून तरंग सुखाने जातो आणि खड्यावर त्याचा घाव बसतो. गाठ मात्र मांसाचीच असते. थोडी अधिक टणक असेल, तिच्यातील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या व नाजूक असतील, परंतु घनतेने ती शेजारच्या निरोगी मांसाहून फारशी वेगळी नाही. तरंगास आपला कोण आणि परका कोण हे कळत नाही. आपण जेथे त्याचे टोक आणू तेथे तो मारतो. शिवाय फुप्फुसात किंवा आतड्यात हवा असते. त्या हवेच्या सीमेवर आल्यास तो नको तेथे फार मोठी इजा करतो.

तरीही प्रयत्न झाले, आणि ते होणे योग्यच होते. १९८६ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मूतखडा फोडणारे तरंग कर्कपेशींवर आणि प्राण्यांच्या गाठींवर सोडून पाहिले. गाठींची वाढ मंदावली. पुढे इतर ठिकाणी झालेल्या प्रयोगांतही पुष्कळदा असेच दिसले की, वाढ काही दिवस खुंटते आणि मग पुन्हा सुरू होते. बॉस्टन येथे अपोस्टोलोस डुकास व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी दिशा धरली. लेझरने उत्पन्न केलेला दाबतरंग पेशीवरून गेला तर पेशीचे पटल क्षणभर सैल होते, आणि एरवी आत न शिरणारा पदार्थ आत जातो, असे त्यांस दिसून आले. म्हणजे तरंगाने मारावयाचे नाही, दार किलकिले करावयाचे आणि औषधास आत सोडावयाचे. आमचे स्वतःचे मत असे की, या विद्येचे भविष्य असलेच तर ते या दुसऱ्या वाटेवर अधिक आहे. घणापेक्षा किल्ली बरी. परंतु आम्ही शाळामास्तर. आमच्या मताची किंमत वाचकांनी तेवढीच धरावी.

भित्तिपत्रकावर आम्ही जे मुळीच लिहिले नाही, आणि जे त्या मुलास कळावयास हवे होते, ते पुढेच आहे. लेझरचा शोध लागल्यावर दहा वर्षांच्या आतच शल्यवैद्यांनी त्याचे जबरदस्त ठोके प्राण्यांच्या गाठींवर देऊन पाहिले होते. गाठी स्फोट झाल्यासारख्या फुटत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेतील संशोधकांनी उडालेले शिंतोडे गोळा करून तपासले, आणि त्यांत जिवंत कर्कपेशी सापडल्या; १९६७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. गाठ डोळ्यांदेखत नाहीशी होत होती आणि रोग हवेत उधळला जात होता! आघाततरंगांच्या बाबतीतही पुढे काही प्राण्यांत, तरंग दिल्यानंतर रोग दूरच्या अवयवांत अधिक पसरल्याचे आढळले. इतर काही प्रयोगांत तसे आढळले नाही. म्हणून संशोधक सावकाश चालतात. त्यांच्या सावकाशीस आपण बाहेरून दिरंगाई म्हणतो.

याच कुळातील एक पद्धत माणसांपर्यंत पोहोचली आहे, तिचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. हिस्टोट्रिप्सी असे तिचे नाव. हीही मिशिगन विद्यापीठातच वाढली, परंतु तिच्यात लेझर नाही. विजेने कंप पावणाऱ्या स्फटिकांतून अतिशय तीव्र व आखूड ध्वनिठोके काढून ते गाठीत एकवटतात. तेथे सूक्ष्म बुडबुड्यांचा ढग उठतो, बुडबुडे फुगतात व मिटतात, आणि त्या ओढाताणीत पेशींचे तुकडे होतात. मिटणारा बुडबुडा किती जोराचा तडाखा देतो याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ सालीच मांडले होते. आगबोटीच्या पंख्यांची पाती झिजतात, त्याच्या चौकशीत हा प्रश्न पुढे आला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी यकृतातील गाठी या रीतीने नष्ट करण्यास परवानगी दिली. पण परवानगीचा मजकूर वाचण्यासारखा आहे. हे यंत्र गाठीचे ऊतक मोडते, एवढेच त्यांनी मान्य केले. कर्करोग या रोगावर त्याचा काय परिणाम होतो, रोगी किती काळ जगतो, याचे मूल्यमापन आम्ही केलेले नाही, असे त्यांनी स्पष्ट नमूद केले. गाठ मोडणे आणि रोगी वाचणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे ज्यांनी यंत्र पास केले त्यांनीच लिहून ठेवले. आमच्या भित्तिपत्रकावर हा भेद करण्यास दोन ओळींची जागा होती.

तेव्हा प्रश्न असा की, यशाचे माप कशाने घ्यावे? उंदराच्या कातडीखाली मुद्दाम रुजविलेली, सर्वांत सारख्याच जातीची गाठ; तिला ठराविक आकाराची होण्यास बारा दिवसांऐवजी समजा अठरा दिवस लागले, तर ‘वाढ मंदावली’ असे म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. (हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत.) माणसास त्या सहा दिवसांचे किती महिने मिळतील, मिळतील की नाही, हे त्या वाक्यात नाही. असेलच असेही नाही, नसेलच असेही नाही. ते वाक्य आपल्या मर्यादेत उभे आहे. तिच्याबाहेर त्यास आम्ही ओढले.

याच्या उलट, माणसांत घेतलेले माप कसे असते ते पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात खेड्यापाड्यांतील १,३१,७४६ स्त्रिया एका मोठ्या अभ्यासात घेतल्या गेल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केल्याने त्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर येतात, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शहरातील झोपडपट्ट्यांतून सुमारे दीड लाख स्त्रियांत असाच अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या स्त्रियांनी पातळ शिरक्याचा बोळा लावून डोळ्यांनी तपासणी करावयाची, एवढेच साधन. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला: मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. शिरक्यास कोणी मथळ्यात उद्गारचिन्ह दिल्याचे आमच्या स्मरणात नाही. येथे गाठी मोजल्या नव्हत्या. मेलेली आणि जगलेली माणसे मोजली होती, आणि त्यास पुष्कळ वर्षे लागली.

गालाच्या कर्करोगाविषयी तर आपल्या प्रांतात अज्ञानाची सबब चालण्यासारखी नाही. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हापासून तेथे काम केलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू तोंडात धरण्याच्या निरनिराळ्या सवयी आणि निरनिराळ्या जागचे कर्करोग यांचा संबंध शोधला. १९४५ साली तर त्यांनी कमरेवर धोतर घट्ट काचल्याने त्या जागी होणाऱ्या कर्करोगाचेही वर्णन प्रसिद्ध केले. रोग्याच्या नेसणीकडे आणि खिशातल्या डबीकडे पाहण्याची ती दृष्टी. आमच्या या गृहस्थांच्या खिशातही चुन्याची डबी होतीच. डाव्या गालातच ते तंबाखू धरीत. राज्यात गुटख्यास २०१२ पासून बंदी आहे, आणि ती कशी पाळली जाते हे शाळेच्या वाटेवरील टपऱ्या कोणासही सांगतील. असो, तो विषय निराळा.

आमचे एक सहशिक्षक म्हणतात, "तुम्ही आता मुलांच्या डोळ्यांतले तेज घालविणार. प्रत्येक शोधापुढे ‘परंतु’ लिहिले तर विज्ञानाकडे कोण येईल?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. १८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी लोकांनी ते कर्करोगावर लावून पाहिले. तेव्हा कोणी फार ‘परंतु’ केले असते तर किरणोपचार जन्मासच आले नसते, आणि ज्या गृहस्थांची हकीकत आम्ही सांगितली त्यांस ते मिळाले नसते. पण त्याच किरणांनी पहिल्या पिढीच्या कित्येक संशोधकांची बोटे गेली, काहींस त्यापासूनच कर्करोग होऊन ते मेले. किती मात्रा, किती दिवसांच्या अंतराने द्यावयाची, हे समजण्यास अनेक दशके लागली. आज मुंबईनजीक खारघर येथे २०२३ पासून प्रोटॉन कणांच्या झोताचे केंद्र आहे, त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा असा हिशेब आहे. लेझरच्या आघाततरंगांसही कदाचित असा काळ लागेल. कदाचित त्यांतून काहीच निघणार नाही, किंवा निघेल ते मुळात कोणी योजलेच नव्हते असे निघेल. विमानावरच्या पावसाच्या थेंबांतून मूतखड्याचा उपचार निघावा, ही गोष्ट कोणी आधी सांगितली असती काय? मुलांस आम्ही हे सर्व सांगू इच्छितो. ‘परंतु’ हा शोधाचा शत्रू नव्हे, तो शोधाच्या वहीतील रोजची नोंद आहे, असे आम्ही सहशिक्षकांस उत्तर दिले. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

त्यानंतर विज्ञानमंडळात आम्ही एक नियम केला. भित्तिपत्रकावर वैद्यकाची कोणतीही बातमी लागली की तिच्याखाली तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत: प्रयोग कशावर झाला, काचपात्रातील पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर, किती जणांवर, आणि काय मोजले. पहिल्या वर्षी मुलांस हा जाच वाटला. निम्म्या बातम्या या तीन प्रश्नांपाशीच गळाल्या, कारण छापील वृत्तात उत्तरे नव्हती. दुसऱ्या वर्षी एका मुलीने मूळ शोधनिबंधाचा इंग्रजी सारांश मिळवून आणला आणि वर्तमानपत्राने ‘रुग्ण’ असे छापले तेथे मुळात ‘उंदीर’ होते, हे सर्वांसमक्ष दाखवून दिले. त्या दिवशी वर्गात जो आनंद झाला, तो आमच्या कोणत्याही उद्गारचिन्हाने पूर्वी झाला नव्हता.

या वर्षीच्या विज्ञानप्रदर्शनात, आता वरच्या वर्गात असलेल्या त्याच विद्यार्थ्याने आघाततरंगाची प्रतिकृती मांडली. लेझर अर्थात त्यास दिला नाही. काचेच्या टाकीत पाणी, पाण्यात तळाशी जिलेटिनचा गोळा, एका बाजूस लवचीक पडदा आणि त्यावर ठोका देण्यास लहान हातोडी, एवढेच. गोळ्यात एक खडूचा तुकडा बसविला होता. ठोके देता देता खडू भंगतो आणि गोळा तसाच राहतो, हे तो येणाऱ्याजाणाऱ्यांस दाखवीत होता, आणि मग विचारी, "आता सांगा, गाठ खडूची असते की जिलेटिनची?" त्याचे वडील सुट्टी घेऊन आले होते. ते एका बाजूस खुर्चीवर बसून होते, फारसे बोलत नव्हते. टाकीपुढे नावाची पाटी होती ती पुठ्ठ्याची नव्हती. हातभर लांबीचा पोलादी पत्रा, कडा साफ, आणि त्यावर त्यांनी कारखान्यात मालकाच्या परवानगीने आपल्या यंत्रावर कोरून आणलेली अक्षरे. वर प्रयोगाचे नाव, आणि खाली नियमाप्रमाणे ओळ: ‘हा प्रयोग उंदरांवर झाला आहे. वाढ मंदावली.’ पूर्णविराम त्यांनी यंत्राने आरपार कापून काढला होता. त्यातून मागची भिंत दिसत होती.